प्राणी चावल्यानंतर जखमेवरचे उपचार: धुणे, सिरम आणि लस

गोदाकाठ
कुत्रा चावलेल्या रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक केसपेपर काढण्यापूर्वीच ‘इंजेक्शन शिल्लक आहे ना’ असे विचारतात. जखम धुतली आहे का, असे आपण विचारले तर ‘पुसून घेतली’, ‘हळद लावली आहे’, ‘रुमाल बांधला आहे’ अशी उत्तरे येतात. नाशिकमध्ये अपघात विभागात परिचारिका म्हणून दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, चाव्यावरचा उपचार म्हणजे दंडातील लस एवढाच अर्थ आपल्या मनात बसला आहे, आणि रेबीजचा विषाणू ज्या ठिकाणी शरीरात शिरला त्या जखमेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. म्हणून या धाग्याची सुरुवात जखमेपासून करते.

रेबीजचा विषाणू प्राण्याच्या लाळेतून जखमेत येतो, तेथील स्नायूंत काही काळ राहतो आणि नंतर मज्जातंतूंत शिरून मेंदूच्या दिशेने सरकू लागतो. मज्जातंतूच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने, सहसा पोहोचत नाहीत, त्यामुळे त्याला गाठायचे असेल तर तो जखमेत असतानाच गाठावे लागते. या विषाणूचे बाहेरील आवरण स्निग्ध असते आणि साधा साबण, अगदी कपडे धुण्याचासुद्धा, ते आवरण फोडतो. नळाच्या वाहत्या धारेखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ती पंधरा मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण रडणाऱ्या मुलाला धरून बसलेल्या आईला दोन मिनिटेही पुष्कळ वाटतात. दातांची भोके खोल असतील तर पाण्याची धार थेट त्या भोकांत जाऊ द्यावी. नळ जवळ नसेल तर तांब्याने किंवा बाटलीने पाणी ओतत राहावे. ब्रशने घासू नये, कारण त्यामुळे ऊती फाटतात आणि विषाणूला आणखी वाट मिळते. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण लावावे आणि जखम उघडी ठेवून रुग्णालय गाठावे.

हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल, कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये. तापलेल्या वस्तूने डाग देऊ नये. हे सर्व पदार्थ जखमेला चिडवतात, आणि आम्हांला ते काढत बसावे लागते तेव्हा तो मौल्यवान वेळ जातो.

उपचार किती करायचा हे संपर्काच्या श्रेणीवर ठरते. अखंड त्वचेला प्राण्याने चाटले किंवा आपण त्याला खाऊ घातले, तर ती पहिली श्रेणी असून तीत लस लागत नाही. त्वचा ओरबाडली गेली पण रक्त आले नाही, किंवा उघड्या त्वचेला दात नुसते लागले, ती दुसरी श्रेणी. तीत जखम धुणे आणि लस दोन्ही लागतात. त्वचेच्या आरपार गेलेला चावा, रक्त आलेला ओरखडा, आधीच्या जखमेवर किंवा डोळे, ओठ, तोंड यांच्या ओल्या अस्तरावर पडलेली लाळ ही तिसरी श्रेणी. तिसऱ्या श्रेणीत धुणे आणि लस यांखेरीज सिरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत द्यावेच लागते. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, परंतु ती पुरेशी तयार होण्यास आठवडा ते दोन आठवडे जातात. त्या मधल्या काळात विषाणूला जखमेतच थोपवण्याचे काम बाहेरून दिलेली तयार प्रतिपिंडे करतात.

नाशिक शहरात त्र्यंबक रोडवरील सिव्हिल हॉस्पिटल, कथड्यातील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आणि नाशिक रोडचे बिटको रुग्णालय ही लोकांच्या ओळखीची सरकारी व महापालिकेची ठिकाणे आहेत. जेथे लस मिळते तेथे सिरम असेलच असे मात्र गृहीत धरू नये. ‘माझी जखम कोणत्या श्रेणीत आहे आणि सिरम येथे दिले जाते का’ हा प्रश्न रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतःहून विचारावा, आणि नसेल तर ते कोठे मिळेल हे केसपेपरवर लिहून घ्यावे.

पाथर्डीफाटा
ताई, आपण वेळेवर लिहिले आहे. आमच्या वसाहतीत एका भटक्या कुत्र्याने माझ्या लहान मुलीच्या गालाचा चावा घेतला. जखम आम्ही धुतली होती. चेहऱ्यावर व्रण राहू नये म्हणून लगेच टाके घालावेत अशी आमची इच्छा होती, पण ज्या खासगी दवाखान्यात गेलो तेथील डॉक्टरांनी टाके घालण्यास नकार दिला आणि सिरमसाठी दुसरीकडे पाठवले. त्या वेळी आम्हांला ती टाळाटाळ वाटली. पुढे दुसऱ्या रुग्णालयात आधी जखमेत सिरम दिले आणि काही तासांनंतर मोजके टाके घातले. उघडी जखम शिवण्यात एवढा धोका कोणता असतो, हे कोणी समजावून सांगेल का?

कॉलेजरोड_सर्जन
त्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. सुई जेव्हा जखमेच्या कडांतून आरपार जाते, तेव्हा पृष्ठभागावर असलेला विषाणू ती खोल ऊतींत आणि नव्याने उघड्या पडलेल्या मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत नेऊ शकते. याशिवाय चाव्याची जखम ही चाकूच्या जखमेसारखी स्वच्छ नसते. प्राण्याच्या तोंडातील नाना प्रकारचे जिवाणू तीत उतरलेले असतात, आणि वरून घट्ट शिवून टाकली की हवेवाचून वाढणाऱ्या जिवाणूंना आत बंद खोली मिळते. म्हणून चाव्याची जखम शक्यतो शिवायची नाही, हा नियम आहे. चेहरा हा त्याला मोठा अपवाद आहे, कारण तेथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने जंतुसंसर्ग तुलनेने कमी होतो आणि व्रणाचा प्रश्नही खरा असतो. रक्तस्राव थांबत नसेल किंवा गाल, ओठ, पापणी लोंबत असेल तर शिवावेच लागते. पण क्रम बदलत नाही: भरपूर धुणे, मेलेल्या ऊती काढणे, सिरम जखमेच्या आत व भोवती पूर्णपणे भिनवणे, त्यानंतर काही तास थांबून कडा सैलसर जुळवणारे कमीत कमी टाके. व्रण उरलाच तर त्यावर नंतर प्लास्टिक सर्जरी करता येते. रेबीजवर नंतर काही करता येत नाही.

प्रतिजैविकांविषयीही लिहितो, कारण रेबीजच्या भीतीत ही बाजू विसरली जाते. कुत्र्याचे दात चिरडतात आणि फाडतात, त्यामुळे जखम भयानक दिसते. मांजराचे दात बारीक व अणकुचीदार असल्यामुळे बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण दात हाताच्या कण्डरेच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, आवरणापर्यंत किंवा सांध्यापर्यंत पोहोचलेला असतो. पाश्चुरेला नावाचा जिवाणू मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडात सर्रास असतो आणि तो चोवीस तासांच्या आतच हात लाल, सुजलेला व ठणकणारा करून सोडतो. मांजर चावल्यावर ‘काही झालेले नाही’ असे म्हणून घरी बसलेला आणि तिसऱ्या दिवशी बोट वाकवता येत नाही म्हणून आलेला रुग्ण प्रत्येक शल्यचिकित्सकाने पाहिलेला असतो. हात, पाय, चेहरा, सांधे किंवा जननेंद्रिये यांवरील चावा, मांजराचे खोल दात, आणि मधुमेही, प्लीहा काढलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना संसर्ग दिसण्यापूर्वीच तीन ते पाच दिवस अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे संयुक्त औषध दिले जाते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे पर्याय निवडता येतो. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. धनुर्वाताच्या लसीचा पूर्वेतिहासही प्रत्येक चाव्यात तपासावा लागतो, आणि मोठ्या माणसांना तो बहुधा आठवत नाही.

माणसाने माणसाला घेतलेला चावाही तितकाच घाण असतो. भांडणात समोरच्याच्या दातांवर मूठ आदळून बोटांच्या पेरावर झालेली चीर लोक चावा म्हणून सांगतच नाहीत, आणि त्यातूनच सांध्यात पू होतो.

निफाडचा_शेतकरी
आमच्या भागात, म्हणजे निफाड आणि सिन्नर तालुक्यांत, उसामुळे बिबट्यांचा वावर वाढलेला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. खाली बसून निंदणी करणारी बाई किंवा अंगणात खेळणारे मूल त्याला लहान सावज वाटते आणि हल्ला मानेवर होतो. अशा वेळी पंधरा मिनिटे धुणे शक्य तरी आहे का? आणि बिबट्यालाही रेबीज होतो का? दुसरी गोष्ट अशी की, पिसाळलेल्या कुत्र्याने गाईला किंवा म्हशीला चावा घेतला आणि ती पुढे दगावली, तर तिचे दूध प्यालेली सगळी वस्ती लस घेण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रावर जमा होते. ते बरोबर आहे की नाही, याचे उत्तर गावात कोणीही नीट देत नाही.

कॉलेजरोड_सर्जन
बिबट्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुधाचे पशुवैद्यांनी द्यावे.

रक्त जोरात वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे हेच काम. मानेवरील जखमेत श्वास मोकळा आहे की नाही हे पाहावे, रुग्णाला कुशीवर ठेवावे, भोकांत काही कोंबू नये. जखम रुग्णालयात भूल देऊन धुता येते आणि तेथे ती धुतलीच पाहिजे. मानेवर दातांच्या दोन-चार खुणा दिसत असल्या तरी बिबट्याचा सुळा मणक्यापर्यंत, अन्ननलिकेपर्यंत किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेलेला असू शकतो. म्हणून रुग्ण बोलतो-चालतो आहे एवढ्यावरून त्याला गावातून मलमपट्टी करून परत पाठवू नये. जंगली प्राण्याचा प्रत्येक चावा आपल्याकडे तिसऱ्या श्रेणीतच धरला जातो, म्हणजे सिरम आणि लस दोन्ही अनिवार्य. बिबट्या सस्तन प्राणी आहे, त्यालाही रेबीज होऊ शकतो, आणि त्याला बांधून दहा दिवस पाहण्याचा पर्याय नसतो.

शासकीय मदतीसाठी वन विभागाचा पंचनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रे लागतात. रुग्णासोबत एक माणूस जाऊ द्या आणि दुसऱ्याने वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पशुवैद्य_दिंडोरी
दुधाविषयी स्पष्ट सांगतो. रेबीज झालेल्या जनावराचे दूध प्याल्याने माणसाला रेबीज झाल्याचा पुरावा नाही, आणि उकळलेल्या दुधात विषाणू जिवंत राहत नाही. आपल्या घरांत दूध उकळूनच घेतले जाते, त्यामुळे सर्व वस्तीने लस घेण्याचे कारण नसते. आजारी जनावराचे कच्चे दूध मात्र कोणीही, विशेषतः वासरामागे बसून धार तोंडात घेणाऱ्या मुलांनी, पिऊ नये.

खरा धोका गोठ्यात काम करणाऱ्याला असतो, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. रेबीज झालेल्या म्हशीला गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, आणि घरमालकाला वाटते की तिच्या घशात काहीतरी अडकले आहे. तो कोपरापर्यंत हात आत घालून पाहतो. त्याच्या हातावर विळ्याने कापलेले, काट्याने खरचटलेले ओरखडे असतात. हा तिसऱ्या श्रेणीचा संपर्क आहे आणि त्यात चावा झालेलाच नसतो, म्हणून तो माणूस आरोग्य केंद्रात जातच नाही. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नका. आधी पशुवैद्याला बोलवा. हात घालून झाला असेल तर साबणाने धुऊन त्याच दिवशी लस आणि सिरमसाठी जा.

आता दहा दिवसांच्या निरीक्षणाविषयी. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना लागू आहे. आजाराची लक्षणे दिसण्यापूर्वीचे काही दिवस विषाणू लाळेत येतो, आणि लक्षणे सुरू झाल्यावर प्राणी लवकरच दगावतो. म्हणून चाव्यानंतर दहा दिवस जो कुत्रा निरोगी राहिला, त्याच्या लाळेत चाव्याच्या दिवशी विषाणू नव्हता, असे मानता येते. पण लस सुरू करण्यासाठी ते दहा दिवस संपण्याची वाट पाहायची नसते. उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचा आणि प्राणी ठीक राहिला तर पुढील मात्रांचा निर्णय डॉक्टरांवर सोपवायचा. पाळीव कुत्र्याचे लसीकरण झालेले आहे, एवढ्या माहितीवर कोणी उपचार टाळू नये, कारण लस कधी दिली, नीट साठवलेली होती का, पुढची मात्रा चुकली का, हे बहुतेक वेळा कागदावर नसते. लहान पिल्लांविषयी तर अधिकच सावध राहावे. घरी आणलेले पिल्लू मुलांच्या हातांना खेळता खेळता दात लावते आणि घरात कोणालाही तो चावा वाटत नाही.

कुत्र्याला मारून टाकू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. तो मेला की निरीक्षणाचा मार्ग बंद होतो आणि डोक्याला मार लागला असेल तर मेंदूची तपासणीही नीट होत नाही.

इंदिरानगर_आजी
आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शने देत असत आणि त्या भीतीने मुले कुत्रा चावल्याचे घरी लपवून ठेवत. आता किती घ्यावी लागतात? पथ्य काही असते का? आणि गर्भवती सुनेला मांजराने ओरबाडले असेल तर लस चालते का?

गोदाकाठ
आजी, ती चौदा इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लसीची होती. डेव्हिड सेम्पल यांनी ती लस १९११ मध्ये कसौली येथे विकसित केली आणि जवळजवळ शतकभर आपल्या देशात तीच वापरली गेली. तिच्यामुळे काही रुग्णांना मज्जासंस्थेचे गंभीर विकारही होत. आता पेशींवर वाढवलेली शुद्ध लस येते आणि पोटात काहीही टोचले जात नाही.

सरकारी रुग्णालयांत बहुधा त्वचेच्या थरात लस देतात. दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलिलिटर, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून हे दिवस मोजतात, हे लक्षात ठेवावे, कारण येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. खासगी दवाखान्यांत स्नायूत पूर्ण मात्रा देतात, तेव्हा शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस असे पाच दिवस असतात. त्वचेत दिलेली मात्रा डोळ्यांना फारच कमी दिसते, म्हणून ‘सरकारी दवाखान्यात अर्धेच इंजेक्शन दिले’ अशी तक्रार मी वारंवार ऐकलेली आहे. त्वचेच्या थरात प्रतिकारशक्तीच्या पेशी भरपूर असतात, त्यामुळे तेवढी लस पूर्ण पुरते. लस कुल्ल्यावर कधीही घेऊ नये, कारण तेथील चरबीत ती नीट शोषली जात नाही. अगदी लहान मुलांना स्नायूतील लस मांडीच्या बाहेरील बाजूस देतात.

पथ्य काहीही नाही. अंडी, मटण, वांगे, सर्व चालते. सुनेला निश्चिंतपणे घेऊन जा. गर्भवती, स्तनदा माता आणि तान्ही मुले यांपैकी कोणालाही लस किंवा सिरम वर्ज्य नाही, आणि मांजराच्या ओरखड्यातून रक्त आले असेल तर तिला दोन्ही लागतील.

एखादी तारीख चुकली तर जमेल तितक्या लवकर ती मात्रा घेऊन पुढे चालू ठेवावे. मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नसते.

गंगापूररोड
मला येथे थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. सिरम ही वेदनादायक गोष्ट आहे, विशेषतः बोटांत. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या सिरमने ॲलर्जी होते असेही ऐकले आहे. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी किरकोळ चाव्याला नुसती लस पुरेशी आहे असे सांगितले. आपण सर्वांना सिरम घ्यायला लावून विनाकारण भीती तर पसरवत नाही ना?

कॉलेजरोड_सर्जन
आपली शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘किरकोळ’ हा शब्द जखमेच्या आकाराविषयी आहे. श्रेणी आकारावर ठरत नाही, ती त्वचा आरपार फाटली की नाही यावर ठरते. रक्ताचा एक थेंब आला असेल तर ती तिसरी श्रेणी आहे आणि तेथे नुसती लस अपुरी आहे. रक्त आले नसेल तर ती दुसरी श्रेणी आणि सिरम लागत नाही. फक्त ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी क्षीण झाली आहे, त्यांना दुसऱ्या श्रेणीतही सिरम देतात. बोटे, चेहरा, मान या जागांविषयी तर मी अधिकच आग्रही आहे. तेथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते, आणि चेहऱ्यावरून व मानेवरून मेंदूचे अंतरही कमी असते. लस घेऊनही रेबीज झाला अशा रुग्णांचा इतिहास पाहिला की बहुधा जखम धुतलेली नसते, सिरम दिलेले नसते किंवा ते जखमेऐवजी दुसरीकडेच टोचलेले असते.

मात्रा वजनावर ठरते. घोड्यापासूनचे सिरम किलोमागे ४० आंतरराष्ट्रीय एकक आणि मानवी सिरम किलोमागे २० एकक. पंधरा किलोच्या मुलाला घोड्याचे सिरम ६०० एकक लागेल, म्हणजे ३०० एकक प्रति मिलिलिटरच्या कुपीतून दोन मिलिलिटर. जखमा पुष्कळ असतील आणि तेवढे द्रव पुरत नसेल तर सलाइन मिसळून ते वाढवतात, पण एकही जखम सोडत नाहीत. बोटात जागा कमी असते, म्हणून तेथे जेवढे मावेल तेवढेच हळूहळू द्यावे लागते. जबरदस्तीने भरले तर बोटाचा रक्तपुरवठा दाबला जातो. हे काम सवयीच्या हाताने केले तर वेदना पुष्कळ कमी होतात.

ॲलर्जीविषयी असे की, आजचे घोड्याचे सिरम पूर्वीपेक्षा फार शुद्ध केलेले असते. तीव्र प्रतिक्रिया विरळा येते, तरीही ॲड्रेनॅलिन हे अशा प्रतिक्रियेवरचे तातडीचे औषध हाताशी ठेवूनच ते देतात आणि रुग्णाला नंतर काही काळ तेथेच थांबवतात, म्हणून घाईने निघून जाऊ नये. आठवडाभराने अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी आली तर पुन्हा दाखवावे. ज्यांना घोड्याचे सिरम नको असेल त्यांच्यासाठी मानवी सिरम आहे, आणि प्रयोगशाळेत एकाच पेशीच्या वंशातून तयार केलेली (मोनोक्लोनल) प्रतिपिंडेही आता उपलब्ध आहेत. त्यांतील एक औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे आहे. त्यांची मात्रा वेगळी असते, ती डॉक्टर ठरवतील.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. लसीच्या पहिल्या मात्रेनंतर सात दिवस उलटून गेले की सिरम देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागतात आणि बाहेरून दिलेली त्यांत अडथळा आणतात. म्हणून ‘आधी लस घेऊ, सिरमचे नंतर पाहू’ असे म्हणत आठवडा घालवू नये.

गंगापूररोड
श्रेणी आकारावर ठरत नाही हा मुद्दा मला पटला. सविस्तर उत्तरासाठी आभारी आहे.

व्यवस्थापक
भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताविषयी आलेले प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. येथे केवळ जखमेच्या उपचारांविषयी लिहावे.

त्र्यंबक_ग्रामस्थ
आमच्या गावात आणि ब्रह्मगिरीच्या वाटेवर माकडे यात्रेकरूंच्या हातातील प्रसादाच्या पिशव्या ओढतात, तीच गोष्ट सप्तशृंगी गडावर. ओढाताणीत नखे लागतात, कधी चावाही होतो. माणसे दर्शन घेऊन त्याच दिवशी परगावी निघून जातात. येत्या सिंहस्थात ही संख्या कितीतरी वाढेल. अशा लोकांना आम्ही ग्रामस्थांनी आणि दुकानदारांनी काय सांगावे?

गोदाकाठ
दोनच गोष्टी सांगाव्यात. पहिली, दुकानातील नळ आणि साबण त्यांना पुढे करावा आणि पंधरा मिनिटे पूर्ण होईपर्यंत त्यांना थांबवून घ्यावे, दर्शनाची रांग पुढे सरकली तरी चालेल. दुसरी, पहिली मात्रा आणि लागत असल्यास सिरम त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकमध्ये घेऊनच त्यांनी परत जावे. केसपेपरवर लसीचे नाव, ती त्वचेत दिली की स्नायूत, सिरम कोणते व किती दिले आणि शून्य दिवसाची तारीख एवढे लिहून घेतले, तर उरलेल्या मात्रा त्यांना आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात घेता येतात. त्या कागदाचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवावे. माकडाला दहा दिवस पाहण्याचा नियम लागू नाही, म्हणून सर्व मात्रा पूर्ण करायच्या आहेत.

ज्यांनी पूर्वी कधी संपूर्ण मालिका घेतलेली आहे आणि तसा कागद ज्यांच्याजवळ आहे, त्यांना नव्या चाव्यानंतर शून्य आणि तिसऱ्या दिवशी अशा दोनच मात्रा लागतात व सिरम लागत नाही. जखम मात्र त्यांनीही तशीच धुवायची. घरातील उंदीर, घूस किंवा खार चावली तर रेबीजची लस सहसा लागत नाही, परंतु जखम धुणे, धनुर्वाताची लस आणि ताप आल्यास डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

सिन्नरकर
माझ्या चुलत्यांना शेतात एका अनोळखी कुत्र्याने पोटरीला चावा घेतला, त्याला आता महिना उलटून गेला आहे. त्यांनी एका जाणत्याकडून झाडपाला बांधून घेतला होता. जखम भरून आलेली आहे, त्रास काही नाही. कुत्रा पुन्हा दिसला नाही. हा धागा वाचून घरात सर्वांना काळजी वाटू लागली आहे. आता लसीचा उपयोग आहे का, की वेळ निघून गेली?

गोदाकाठ
वेळ निघून गेलेली नाही, आणि जखम भरून आली याचा अर्थ धोका टळला असाही होत नाही. चाव्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ बहुधा एक ते तीन महिन्यांचा असतो आणि क्वचित वर्षाहूनही अधिक असतो. रुग्ण उशिरा आला तरी त्याला आजच चावा झाला आहे असे समजून उपचार करायचे, असाच नियम आहे. चुलत्यांनी यापूर्वी लस घेतलेली नसेल, तर रक्त आले होते असे गृहीत धरून त्यांना लस आणि सिरम दोन्ही द्यावे लागेल. जखमेची खूण दिसत असेल तर सिरम त्याच जागी देतात, म्हणून पोटरीवर नेमके कोठे दात लागले होते ते त्यांनी दाखवावे. चाव्याची खरी तारीख सांगावी. उशीर केल्याबद्दल कोणी रागावेल या भीतीने ती अलीकडची सांगू नये. पोटरीत मुंग्या येणे, खाजणे, ठणकणे असे काही होत असेल तर तेही आवर्जून सांगावे.

सिव्हिलचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. सकाळची वाट पाहू नका, त्यांना आत्ताच घेऊन निघा आणि सिरम उपलब्ध आहे का हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्या.

सिन्नरकर
गाडी काढली आहे, तेही तयार झाले. रक्त आले होते, असे ते आता सांगत आहेत. आरोग्य केंद्रातील आशाताईंनी दूरध्वनी करून चौकशी केली आणि सिरम आहे असे कळवले.

गोदाकाठ
चांगले झाले. वजन लिहून घ्यायला सांगा, म्हणजे मात्रा बरोबर काढता येईल. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर त्यांची पाकिटे सोबत घ्या. घरातील इतर कोणाला, विशेषतः शेतावरच्या गड्यांना, त्या कुत्र्याने ओरबाडले होते का, तेही आजच विचारा.